बघायचं काय, हे ठरवायचं कुणी?

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल, पण तुमच्या फोनमधून तो आमच्यापर्यंत पुन्हा पुन्हा येतो. दिवसभराची कामं उरकतात, लेकरं झोपतात, हातात मोबाइल येतो. मग बोट वर सरकवता सरकवता अर्धा तास निघून जातो आणि बघितलेलं काहीच नसतं. एवढं भरलेलं दुकान, आणि आपल्या पिशवीत काही पडत नाही. असं का होतं?

याचं उत्तर शोधताना आम्ही जरा मागे गेलो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांनी आजवर काय बघितलं, कुठे बसून बघितलं, आणि मुख्य म्हणजे ते कुणी निवडलं, याचा माग काढला. ही गोष्ट शेकडो वर्षांची आहे, आणि तिच्यात आपल्या उपयोगाचं एक सूत्र सापडतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात अंबाजोगाईपासून करू. संत दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग अंबाजोगाईत घालवला आणि तिथे एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाडजूड कापडावर, 'पंचीकरण' लिहून काढलं. नुसती अक्षरं नाहीत, आकृत्याही काढल्या. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असं ते कापड अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेलं आहे. अवघड विषय लोकांना डोळ्यांनी दिसावा, म्हणून कापडच पसरायचं! आपल्या जिल्ह्यातला पहिला मोठा पडदा तोच, असं आम्ही गमतीने म्हणतो.

गोदावरीच्या पलीकडे पैठण. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची एक शैली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गोष्ट सांगत जायची. समोर बसलेल्यांनी चित्र बघायचं आणि शब्द ऐकायचे. त्याच्या जोडीला कीर्तन, सप्ताह, भारूड, गोंधळ, जत्रेतला तमाशा. यातलं बायकांच्या वाट्याला काय यायचं? तमाशा नाही. कीर्तन आणि सप्ताह मात्र हक्काचे. गोष्ट ठरलेली, तिथी ठरलेली, बसायची जागाही ठरलेली. तरी एक निवड बायकांनी स्वतःकडे ठेवली होती. कोणत्या गावच्या सप्ताहाला कोण महाराज येणार, कुणाची वाणी गोड, कोण नुसतं ओरडतं, आणि कोण बायकांना टोमणे मारून हशा पिकवतं, याची खबर विहिरीवर आणि खुरपणीच्या पातीत फिरायची. जे ऐकण्यासारखं असेल तिथे बाया चार कोस चालत जायच्या. नसेल तिथे कंबर दुखायची.

हे ध्यानात ठेवा. सूत्राचं पहिलं टोक इथे आहे.

मग सिनेमा आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्यात तारामतीची भूमिका एका पुरुषाने केली होती, कारण बाई मिळेना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला या मायलेकी पडद्यावर आल्या. १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. पण हे सगळं मुंबई, कोल्हापूर, पुण्याकडे. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो त्यातून सुटला, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात.

आपल्या खेड्यांपर्यंत सिनेमा पोचवला तो मुख्यतः जत्रेने. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, लोखंडी पेट्यांत रिळं, भलामोठा तंबू आणि भोंगा. याला लोक टुरिंग टॉकीज म्हणायचे, किंवा नुसतं तंबूचा सिनेमा. देवाचा नवस फेडायला जायचं म्हणजे घरातून परवानगी मिळायची, आणि देवाच्या वाटेवरच तंबू उभा असायचा. बायकांसाठी एक बाजू राखलेली असायची. खाली सतरंजी किंवा नुसती माती. मांडीवर लेकरू, पदरात शेंगा. तंबूत कोणता सिनेमा लावायचा ते तंबूवाला ठरवायचा. त्याला धंदा करायचा होता, त्यामुळे जे चाललं तेच तो पुन्हा लावायचा. चाललं म्हणजे काय? तर पहिल्या खेळाला आलेल्या बायांनी दुसऱ्या दिवशी घरोघर सांगितलं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच फिरत्या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला. तो २०१६ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरवही झाला. रिळं जाऊन डिजिटल यंत्रं कशी आली, आणि तंबूवाल्यांचे कसे हाल झाले, हे त्यात दिसतं.

बायकांच्या सांगण्यात किती ताकद होती, याचे दोन दाखले देतो.

पहिला १९७५ सालचा. 'जय संतोषी माँ' हा हिंदी चित्रपट फार खर्च न करता केलेला होता, त्यात मोठे नट नव्हते. त्याच वर्षी 'शोले' आणि 'दीवार' आले होते. तरीही संतोषी मातेने त्यांच्या बरोबरीने गर्दी खेचली. बायका चपला बाहेर काढून थिएटरात जायच्या, पडद्याला ओवाळायच्या, पैसे उधळायच्या. शुक्रवारचा उपवास आणि गूळ-फुटाण्यांचा प्रसाद त्यानंतर गावोगाव पसरला. दुसरा दाखला १९९१ चा. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी'. मुळात राजस्थानी भाषेतल्या 'बाई चाली सासरिये' या चित्रपटावरून तो केलेला. अलका कुबल यांनी सोसणारी लेक-सून उभी केली आणि ट्रॅक्टर-बैलगाड्या भरभरून बाया तालुक्याला गेल्या. या चित्रपटांतल्या बाईने सोसत राहावं का, यावर आज वाद घालता येईल, घालावाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या गर्दीला जाहिरातीने गोळा केलं नव्हतं. माहेराला आलेली लेक सांगायची, कासारीण बांगड्या भरताना सांगायची, एसटीत शेजारी बसलेली बाई सांगायची. घरातून एकटीला सोडत नसत, म्हणून दहाजणी मिळून जायच्या. ते रडणंसुद्धा एकत्र होतं. जे घरात बोलता येत नव्हतं, ते अंधारात शेजारणीच्या खांद्यावर मोकळं होत होतं.

आता टीव्हीकडे वळू. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर देशातल्या सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहाद्वारे टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण मराठवाड्याच्या सीमेपलीकडचा गुलबर्गा होता, विजापूर आणि रायचूरही होते. शेती, आरोग्य, मुलांचं शिक्षण असे कार्यक्रम, आणि संच सगळ्या गावासाठी. म्हणजे टीव्ही खेड्यात पहिल्यांदा आला तो चावडीवरचा, सगळ्यांचा होऊन आला. १९८४ च्या सुमाराला देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, पाठोपाठ ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत'. गावात एखाद-दुसरा संच. रविवारी सकाळी त्या घराच्या ओट्यावर, खिडकीत, दारात माणसं. पुरुष खुर्चीवर, पोरं पुढे जमिनीवर आणि बाया उंबऱ्याजवळ, अर्धं लक्ष चुलीकडे.

तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण वाहिनी एकच. दिल्ली-मुंबईत कुणीतरी ठरवायचं, आपण बघायचं. त्याचा एक फायदा होता. 'आमची माती आमची माणसं' लागलं की शेतीत राबणारी बाईसुद्धा ते बघायची आणि बियाण्याची माहिती तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत नव्हती. तोटाही उघडा होता. तिला काय बघायचं आहे, हे विचारायला कुणी आलं नव्हतं.

त्याच काळात व्हिडिओ आला. गणपतीत नाहीतर लग्नानंतर रात्रभरासाठी व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणायचा, तीन कॅसेटी लावायच्या. वर्गणी घरोघरची, पण कॅसेट आणायला तालुक्याला जायची ती मंडळाची पोरं. त्यामुळे पहिली एखादी देवाची, नंतरच्या दोन हाणामारीच्या. तोवर बाया पेंगायला लागलेल्या.

१९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. हळूहळू केबल, मग छत्रीवाली डिश. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने महिन्याचे पैसे न घेणारी डिश आणली. तीच पुढे फ्री डिश झाली आणि खेड्यातल्या पत्र्यांवर दिसू लागली. वाहिन्या वाढल्या आणि घरात एक नवी वस्तू आली, रिमोट. तो कुणाच्या हातात, यावरून घरातलं राज्य कळायला लागलं. बातम्यांच्या वेळी मालकाकडे, क्रिकेटच्या वेळी पोराकडे. बाईच्या वाट्याला दुपार, आणि संध्याकाळचे एखाद-दोन तास. त्यातही भारनियमन. ऐन मालिकेच्या वेळी वीज गेली की सकाळी शेजारीण गोष्ट सांगायची. ती नुसती गोष्ट सांगत नव्हती. सून चुकली की सासू, लेखकाने उगाच कुठे पाणी घातलं, सगळं त्यात यायचं. वीज नसलेल्या रात्रींनी बायकांना टीकाकार केलं, असं आम्हाला वाटतं.

इथवर काय दिसलं? ठरवणारे बदलत गेले. आधी तिथी, मग तंबूवाला, मग दिल्ली-मुंबई, मग मंडळाची पोरं, मग रिमोटवाला. पण प्रत्येक वेळी बायांनी आपली एक वाट काढली. बघून आलेल्या बाईला विचारायचं. आपल्या सूत्राचं नाव हेच आहे, विचारणं आणि सांगणं.

आता आजचा काळ. फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार आलं, जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच डिसेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ. पण आपल्याकडे खरा फरक पडला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ सुरू झालं, पहिले काही महिने इंटरनेट फुकट मिळालं आणि बाकीच्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. २०१८ मध्ये झी फाइव्ह आलं, २०२१ मध्ये मराठीसाठी म्हणून प्लॅनेट मराठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचं ॲप आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. आणि या सगळ्यांच्या आधीपासून यूट्यूब आहेच. तंबूवाल्याकडे दोन-चार सिनेमांच्या पेट्या असायच्या. फोनमध्ये किती आहे त्याला गणतीच नाही.

मग बघण्यासारखं सापडत का नाही? कारण या दुकानात तुम्ही हवं ते मागत नाही, दुकानच तुमच्यापुढे मांडत जातं. ॲप उघडलं की पहिल्यांदा जे दिसतं ते सगळ्यांना सारखं नसतं. तुम्ही कशावर बोट ठेवलं, किती मिनिटं बघितलं, कुठे कंटाळून सोडलं, याची यंत्र नोंद ठेवतं. तुमच्यासारखंच बघणाऱ्या दुसऱ्या माणसांनी पुढे काय बघितलं, हेही जुळवतं आणि त्यावरून पुढची यादी लावतं. काही ॲप तर एकाच चित्रपटाला वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळं चित्र लावतात, म्हणजे बोट पडावं. पंगतीतला वाढपी आठवा. त्याने एकदा बघितलं की पानातला भात संपला, की तो भातच घेऊन येतो. तुम्ही संकोचाने नको म्हणाला नाहीत, तर पुन्हा भात. भाजी मागच्या पातेल्यात तशीच राहते.

त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पान आपलं नसतंच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांनी सांगितलं, की आमच्याकडे आम्ही स्वतः वापरतो असा मोबाइल आहे. उरलेल्या घरांत काय होतं ते आपण जाणतो. फोन दिवसा मालकाकडे, संध्याकाळी पोराकडे आणि रात्री दहाला आपल्याकडे. दिवसभर त्यावर कुस्त्या, राजकारण आणि हाणामारी बघितली गेलेली असते. यंत्राला वाटतं, एकच माणूस आहे. मग रात्री दहाला आपल्यापुढे तेच येतं. आपण म्हणतो, यात बघण्यासारखं काही नाही. खरं तर ते आपल्यासाठी मांडलेलंच नसतं.

हा प्रश्न करमणुकीपुरता नाही, हे फडावर गेलेल्या बाईला विचारलं तर कळेल. दसरा-दिवाळीला आपल्या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कोपीवर येऊन भाकरी थापायच्या. त्यानंतर बाईला जो वेळ उरतो तो वीस मिनिटांचा असतो. त्या वीस मिनिटांत फोन हेच तिचं देऊळ, जत्रा आणि माहेर. ती वीस मिनिटं बोट सरकवण्यात गेली, तर दिवसभरात तिचं असं काहीच उरलं नाही. म्हणून आम्ही म्हणतो, बघण्यासारखं सापडणं ही चैनीची गोष्ट नाही. ती तिच्या वेळेची मजुरी आहे, आणि ती बुडू नये.

मग बघण्यासारखं म्हणजे काय? एकच उदाहरण घेऊन बोलू.

१९३७ साली प्रभात कंपनीने 'कुंकू' नावाचा चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. नीरा नावाची आईबाप नसलेली तरुण मुलगी. मामा तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. लग्न लागतं, पण नीरा ते मनाने मान्य करत नाही. घर सोडून पळत नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात ताठ उभी राहून ती सांगते, हा अन्याय आहे आणि मी त्याला बायकोपण म्हणणार नाही. नीरा झाल्या शांता आपटे, म्हातारा झाले केशवराव दाते. आणि त्या म्हाताऱ्याची शिकलेली, समाजकार्य करणारी लेक नीराच्या बाजूने उभी राहते. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्या खऱ्या आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रचारासाठी वर्षानुवर्षं झटल्या. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरची माणसं, जे आपल्या घरात ऐकू येतं तेच ऐकू येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. त्याच राष्ट्रीय पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. आईबाप फडावर जाणार, वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि लग्न लावून दिलं की नवा कोयता तयार होतो, उचल मिळते. म्हणजे नीराचा प्रश्न पुण्यातल्या जुन्या वाड्यात संपला नाही, तो आपल्या दारात उभा आहे. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाने नाही म्हणणारी मुलगी दाखवली. तीही कुणाला शिव्या न देता, रडून न कोसळता. यूट्यूबवर नाव घेऊन शोधला तर तो सापडतो, वेगळे पैसे लागत नाहीत. पण तुमच्या फोनच्या पहिल्या पानावर तो आपणहून येईल का? तुमच्या घरातल्या कुणी आजवर तसलं काही बघितलेलं नसेल, तर फार करून येणार नाही. यंत्राला तुमची सवय माहीत असते. तुमची गरज त्याला कोण सांगणार?

'माहेरची साडी' आणि 'कुंकू' शेजारी ठेवून बघा. एकीत बाई सोसते, दुसरीत बाई नाकारते. पहिली आपल्यापर्यंत पोचली, कारण हजारो बायांनी ती एकमेकींना सांगितली. दुसरीही सांगावी लागेल. घरात शाळकरी लेक असेल, तर तिला शेजारी बसवून बघा आणि मध्येच थांबवून विचारा, तू असतीस तर काय केलं असतंस? तिच्या आजीलाही विचारा. ती चर्चा कोणत्याच ॲपवर मिळत नाही.

सगळं गंभीरच बघावं, असं मात्र आमचं म्हणणं नाही. हसणं हीसुद्धा गरज आहे. 'बाईपण भारी देवा' २०२३ मध्ये आला तेव्हा गावोगावच्या बाया नटूनथटून, गॉगल लावून, गटागटाने गेल्या आणि त्यांनी तो वर्षातला सगळ्यांत चाललेला मराठी चित्रपट करून दाखवला. जुनं गोड काही हवं असेल तर प्रभातचाच १९३६ चा 'संत तुकाराम' आहे. त्यातली जिजाई बघताना देवभोळ्या नवऱ्याचा संसार ओढणारी आपल्यातलीच एखादी बाई आठवेल. गावच्या बोलीतलं, आपल्यासारख्या माणसांचं ताजं काही हवं असेल, तर यूट्यूबवर साताऱ्याकडच्या मुलांनी केलेल्या 'गावाकडच्या गोष्टी' आहेत.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली. फोन उघडण्याआधी ठरवा, मग उघडा. बाजारात यादी घेऊन गेलेली बाई आणि नुसती गेलेली बाई, दोघींच्या पिशवीत फरक असतो. ॲपमध्ये भिंगाचं चिन्ह असतं, यूट्यूबला त्याच्या जोडीला माइकचं असतं. लिहिता येत नसेल तर माइकवर बोट ठेवून मराठीत नाव सांगा. मांडलेलं बघण्यापेक्षा मागून घ्या.

दुसरी. आपलं पान वेगळं करा. बऱ्याच ॲपमध्ये एकाच खात्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कप्पा काढता येतो. तुमच्या नावाचा एक काढा आणि त्यात दुसऱ्या कुणाला बघू देऊ नका. महिना-दोन महिन्यांत यादी बदलायला लागते. यूट्यूबवर नको ते आलं की त्याच्या बाजूच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, तिथे रस नसल्याचं सांगता येतं. वाढप्याला नको म्हणायला लाजू नका.

तिसरी. वीस मिनिटांचा नियम. वीस मिनिटं बघून मन लागलं नाही तर सोडून द्या. सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे, हा नेम जेवणाला आहे, सिनेमाला नाही. आणि एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू होतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. झोप आपली आहे.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. वही. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याची नोंद झाली की शेवटची पाच मिनिटं यासाठी ठेवा. या महिन्यात कुणी काय बघितलं, कुठे बघितलं, किती वेळाचं आहे, लेकींबरोबर बसून बघता येतं का, आणि आवडलं तर का आवडलं. एवढंच लिहायचं. चित्रपट एका ॲपवरून दुसऱ्यावर जात राहतात, म्हणून नाव नीट लिहा, ठिकाण पेन्सिलीने लिहा. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शाळेतल्या पोरीने लिहावं. विहिरीवर आणि खुरपणीच्या पातीत जे चालायचं, ते आपण कागदावर आणायचं, एवढाच फरक.

दसऱ्याला टोळ्या निघतील. फडावर कुठे नेटवर्क असतं, कुठे नसतं. म्हणून निघण्याआधी घरच्या किंवा शेजारच्या वायफायवर चार-पाच गोष्टी फोनमध्ये उतरवून घ्या. ॲपमध्ये खाली बाण असलेलं चिन्ह त्यासाठीच असतं. कुठली चार-पाच, हे वही सांगेल. भाकरीचं पीठ, तेल, मीठ, औषधाच्या गोळ्या यांच्या यादीत ही एक ओळ वाढवा. आणि मागे राहणाऱ्या आजीजवळ वहीची दुसरी प्रत ठेवा. ती आणि नात तिकडे तेच बघतील, रविवारी फोनवर तुम्ही त्यावर बोलाल. मायलेकींना बोलायला 'जेवलीस का' याच्या पलीकडे एक विषय मिळेल.

तुमच्या वहीतली नावं आम्हाला कळवा. पत्राने, फोनवर आवाज पाठवून, नाहीतर बाजारच्या दिवशी केंद्रावर येऊन. नावासोबत एक ओळ हवीच, का बघावं. ती यादी आम्ही दर महिन्याला वाचून दाखवू. एका गावच्या बाईने सांगावं आणि दहा गावच्या बायांनी ऐकावं, यासाठीच तर हा रेडिओ आहे.